जीप नवी करू नका

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जीपगाड्यांचा होता, आणि त्या गाड्या नव्या नव्हत्या. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई पेटलेली असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला, तो दुसऱ्या महायुद्धात वापरून झालेल्या आणि पुन्हा ठाकठीक केलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जीपसाठी. हातात पडल्या १५५ गाड्या, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला आणि १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं सांगून टाकलं. त्यातलं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक साधा प्रश्न उरतोच. ठाकठीक केलेली जीप म्हणजे नेमकं काय काय केलेली जीप? कोणता भाग बदलला, कोणता तसाच ठेवला, काम कुणी केलं आणि तपासलं कुणी? हा प्रश्न आजच्या पुण्यात तितकाच लागू पडतो. बंगल्याच्या पोर्चमध्ये, रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, धायरी-वारज्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी विलीज किंवा महिंद्रा उघडून बसलेली बरीच हौशी मंडळी या शहरात आहेत. वर्ष-दोन वर्षं खपून झाल्यावर ती ‘पूर्ण रिस्टोअर केली’ असं अभिमानानं सांगतात, तेव्हा पुरावा म्हणून पुढे येते ती बहुधा रंगाची चकाकी.

माझं म्हणणं असं, की जुनी जीप घरी उघडणं हा चांगला उद्योग आहे. पण ती कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखी नवी करायची, या हट्टानं उघडली तर तिच्यातलं जे जपण्यासारखं आहे ते आपल्याच हातानं खरवडून टाकलं जातं. जपायचं आहे ते दोन गोष्टींत. एक म्हणजे ती कुणालाही उघडता आणि समजून घेता येते हा तिचा गुण, आणि दुसरं म्हणजे साठ-सत्तर वर्षं तिनं केलेल्या कामाच्या आणि झालेल्या दुरुस्त्यांच्या खुणा. गाडी चालती करावी, सुरक्षित करावी, गंज थांबवावा, आणि जे केलं ते लिहून ठेवावं. ‘ओरिजिनल’ हे ध्येय मात्र भारतीय जीपच्या बाबतीत बरंचसं काल्पनिक आहे. हे का, ते तिच्या कुळकथेतच दिसतं.

युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या भारतभर ‘डिस्पोजलच्या’ म्हणून विकल्या गेल्या. दक्षिण कमांडचं मुख्यालय आणि खडकी-देहूरोडचे लष्करी डेपो जवळ असलेल्या पुण्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुसरीकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत सुटे भाग जोडून विलीज बनवायला सुरुवात केली आणि पुढे कांदिवलीला एकेक भाग इथेच घडू लागला. आपल्याकडे जीप म्हटलं की उंच बॉनेटचं जे तोंड डोळ्यांपुढे येतं, ते सीजे-३बी या मॉडेलचं. ती उंची कुणा चित्रकाराच्या डोक्यातून आलेली नाही. आधीच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये होते. जास्त ताकद हवी म्हणून विलीजनं इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं, आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ इतकंच टिकलं. भारतात तोच चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षं, आतली यंत्रं बदलत बदलत, चालू राहिला. १९७० च्या दशकात त्याच्या पोटात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, ८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्यावरचं. म्हणजे कारखान्यानं स्वतःच जीपला कधी एका रूपात थांबू दिलं नाही.

कारखान्याबाहेर तर विचारूच नका. महाराष्ट्रातल्या जीपचं आयुष्य मामलेदार कचेरीत, पंचायत समितीत, पाटबंधारे आणि वनखात्यात, साखर कारखान्याच्या शेती विभागात गेलं. निवडणुकीत तिच्यावर कर्णे चढले. सरकारी लिलावातून सुटल्यावर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ती वडाप झाली आणि बसच्या निम्म्या जागेत बसइतकी माणसं वाहू लागली. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा गावोगावच्या मिस्त्रींनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. पुण्याच्या आसपास त्यासाठी एक जवळचं इंजिन होतं: आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं, मॅटॅडोर आणि ट्रॅक्सला लागणारं. त्यासाठी इंजिनचे माउंटिंग तोडून नवे जोडायचे, बेल हाउसिंगला मधली प्लेट लेथवर करून घ्यायची, रेडिएटर मोठा बसवायचा. हे काम कुठल्या पुस्तकात नव्हतं. आज अशी जीप घेणारा पहिल्याच दिवशी ते इंजिन भंगारात काढतो आणि ‘मूळचं’ पेट्रोल इंजिन शोधत हिंडतो. त्याला मी चूक म्हणणार नाही. पेट्रोल इंजिनाचा आवाज आणि हलकेपणा वेगळाच आहे. पण तो मूळ रूपाकडे परत चाललाय असं त्यानं समजू नये. गाडीच्या तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यावर बोळा फिरवून तो तिला एका विशिष्ट वर्षात नेऊन उभी करतोय, आणि ते वर्ष त्यानं स्वतः निवडलंय.

बदललेल्या भागांची गाडी तीच का, हा वाद आपल्याकडे सुमारे दोन हजार वर्षं जुना आहे. पाली भाषेतल्या मिलिंदप्रश्नात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचा आस का? चाकं का? जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणायचं, इतकंच. आरटीओनं हा तिढा फार सोप्या रीतीनं सोडवलाय. चेसिसवर ठोकलेला नंबर म्हणजे गाडी. त्या नंबरवर पातळ कागदाची पट्टी धरून पेन्सिल घासायची, उमटलेली छाप फॉर्मवर चिकटवायची, आणि आरसी बुकातल्या आकड्यांशी ती जुळली की नागसेनालाही गप्प बसावं लागेल. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण जीप उघडणाऱ्याला दोन्ही पुरत नाहीत. नुसता नंबर खरा असून चालत नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नवा पत्रा, नवी बॉडी आणि हवी ती यंत्रं जोडून देखण्या जीप तयार होतात. तो एक अस्सल कारागिरीचा धंदा आहे. पण तशी गाडी जुनी विलीज म्हणून गळ्यात मारली गेली तर ती फसवणूक होते. उलट नुसती भागांची बेरीज धरली, तर बाजारात नवे मिळणारे भाग जोडून उद्या कुणीही १९४४ सालची जीप ‘बनवू’ शकेल. नंबर आणि भाग यांच्यामध्ये जे आहे तोच खरा ऐवज: कोणता भाग कधी आला आणि का आला, याची साखळी.

आपला कायदा ही साखळी पाहत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी विंटेज. तिची नवी नोंदणी २०,००० रुपयांत, दहा वर्षांसाठी. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि वापर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांच्यापुरता. नियम स्वागतार्हच आहेत, आधी तर काहीच नव्हतं. पण त्यात अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. ही अट संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये चादरीखाली झोपलेल्या रोल्सला शोभते. शेतावर आणि घाटात राबलेल्या जीपला ती लावली की राबणं हाच तिचा दोष ठरतो. फेरबदलांना मोकळं रान द्यावं असं मी म्हणत नाही. उत्पादकानं ठरवून दिलेल्या रचनेपासून गाडी हटवता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावलं, त्यामागे सुरक्षिततेचं खरं कारण आहे. रस्त्यावर दिसणारी काही फुगवलेल्या चाकांची सोंगं पाहिली की न्यायालयाचं म्हणणं पटतं. माझी मागणी एवढीच आहे, की काल केलेला शौकाचा फेरबदल आणि पन्नास वर्षांपूर्वी पोटासाठी झालेला फेरबदल यांच्यात नियमांनी फरक करावा, आणि दुसऱ्याची नोंद दाखवता आली तर ती गाडी इतिहासातून वगळू नये. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिनची सनद बरीचशी याच दिशेनं जाते. गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग मानावेत, नव्यानं काही बदलायचंच झालं तर कमीत कमी आणि परत फिरवता येईल असं बदलावं, आणि त्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. ‘ओरिजिनल’ची मालकी कुणाची यावर तर मोठ्या कंपन्यांचंही एकमत नाही. महिंद्रानं अमेरिकेत रॉक्सर विकायला काढली, तेव्हा तिची ठेवण जीप या ब्रँडच्या हक्काची आहे असा निर्णय तिथल्या व्यापार आयोगानं २०२० मध्ये दिला, आणि दशकानुदशकं परवान्यावर तोच चेहरा घडवलेल्या कंपनीला रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं.

आता प्रत्यक्ष पत्र्याकडे येऊ. जुन्या जीपच्या मडगार्डवर एका जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासला, की रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे उघडे पडतात: वरचा बाजारू लाल किंवा काळा, त्याखाली सरकारी पांढरा किंवा करडा, त्याखाली कधी लष्करी हिरवा, तळाला तांबूस प्राइमर. कुठे लांबी जाड लागते, म्हणजे तिथे ठोकर बसून पत्रा वाकला होता. एवढा मजकूर सँडब्लास्टिंगच्या तासाभरात धूळ होतो. ब्लास्टिंग करूच नये असं नाही. तळाचा पत्रा, चेसिसच्या आतल्या बाजू, तळाखालच्या पन्हाळी या जागांचा गंज दुसऱ्या कशानं निघत नाही. पण आधी फोटो काढावेत, थर मोजावेत, आणि जमल्यास एखादा हातभर तुकडा, टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू समजा, तसाच ठेवावा. बहुतेक हौशी लोक हे करत नाहीत, कारण त्यांचं लक्ष पुढच्या रॅलीत मिळणाऱ्या ढालीवर असतं. रॅलीचे परीक्षकही, स्पष्ट बोलायचं तर, आरशासारख्या रंगालाच भुलतात. युद्धातल्या जीपचा रंग मुद्दाम मंद, चकाकी नसलेला होता, म्हणजे आरशासारखी हिरवी विलीज हीच मुळात सगळ्यात कमी ओरिजिनल.

दुसरा मुद्दा समजण्याचा. जीप बनवली गेली तीच मुळी कुणीही उघडावी म्हणून. अमेरिकी युद्धखात्यानं १९४४ मध्ये तिच्यासाठी टीएम ९-८०३ हे देखभालीचं पुस्तक काढलं आणि त्यात प्लगच्या फटीपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं चित्रांसह मांडलं. शिवाय विल आयस्नर या व्यंगचित्रकाराला हाताशी धरून तेल-पाणी वेळेवर तपासा हे कार्टूनमधून सैनिकांच्या गळी उतरवलं. शेतावरून आलेल्या विशीतल्या पोराला चिखलात बसून ही गाडी चालती करता यावी, हा रचनेमागचा हिशेब होता. म्हणूनच ती आज घरी उघडता येते. वॉल्व्ह घासण्याचंच काम घ्या. वॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, चोषक लावलेली काठी दोन तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे फिरवायची, मधूनमधून वॉल्व्ह उचलून जागा बदलायची, मग बारीक पेस्ट. आवाज आधी करकरीत येतो आणि हळूहळू मऊ होत जातो. पुसून पाहिल्यावर सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचं राखाडी कडं दिसलं पाहिजे; कुठे तुटलं तर पुन्हा. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि वॉल्व्हच्या कडेनं झिरपतं का ते पाहायचं. रॉकेल थांबलं तर काम झालं. यात परीक्षा घेणारा कुणी नाही, प्रमाणपत्र नाही, आणि चूक लपवायलाही जागा नाही. अंगमेहनतीचं काम आणि बुद्धीचं काम वेगळं मानायची आपली जी जुनी खोड आहे, तिला इतकं रोखठोक उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळतं.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यातला धुराचा सगळ्यात वजनदार आहे. पीयूसीच्या नियमांत भारत स्टेजच्या आधीच्या जुन्या पेट्रोल मोटारीला ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. भारत स्टेज-४ च्या गाडीला ०.३ टक्के. म्हणजे जुनी जीप पास होऊनही नव्या गाडीच्या दहापट ओकू शकते. यावर एक ठरलेलं उत्तर असतं, की नवी गाडी बनवताना होणारं प्रदूषण वाचतं. ते मला पटत नाही. जीप बाळगणाऱ्याच्या दारात रोजची नवी गाडीही उभी असतेच. त्यानं वाचवलं काहीच नाही. प्रामाणिक उत्तर किलोमीटरमध्ये आहे. महिन्यातून एक-दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या जीपचा धूर शहराच्या हिशेबात नगण्य आहे. तीच रोज कर्वे रस्त्यानं ऑफिसला जाऊ लागली तर आक्षेप शंभर टक्के बरोबर, आणि मग ‘माझी हौस’ हे उत्तर होत नाही. विंटेज नियमांनी रोजच्या वापरावर घातलेली बंदी त्यामुळे मला मान्य आहे. ज्या जीप पन्नाशीच्या आतल्या आहेत आणि दर पाच वर्षांनी पासिंग करून चालतात, त्यांच्या मालकांनी हीच बंदी स्वतःहून पाळावी.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. ८० इंचांचा आखूड व्हीलबेस, पट्टे नाहीत, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि किंगपिन झिजले असतील तर हातात थरथरणारं स्टिअरिंग. द्रुतगती मार्ग तिचा नव्हे. पट्टे बसवावेत, ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडर नवेच घ्यावेत. जिवाशी गाठ असलेल्या भागात जुनेपणाचं कौतुक नको. घरी काम करणाऱ्यासाठी मात्र काही गोष्टी ठणकावून सांगायला हव्यात, कारण त्यांबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या ब्रेक शूच्या आणि क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टस असण्याची दाट शक्यता आहे. ती धूळ हवेच्या नळीनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं टाळायचं. इंजिनचं जळकं तेल हा कायद्यानं घातक कचरा आहे. ते सोसायटीच्या गटारात, म्हणजे पर्यायानं मुठेत, जाता कामा नये. फवारणीचा रंग घरी मारूच नये, त्यासाठी बूथ असलेल्या पेंटरकडे जावं. आणि हल्ली पंपावर मिळणारं इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. फ्युएल पंपाचा पडदा आणि नळ्या फुगतात किंवा चिरतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ओढून घेतलेलं पाणी कार्बोरेटरच्या तळाशी साचतं. इथे मूळ रबराचा आग्रह धरणं म्हणजे तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकू देणं.

पुढचा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. ज्याच्याकडे पोर्च आहे, फुरसत आहे आणि चार-पाच लाख अडकवायची ऐपत आहे त्याचा हा खेळ; जे काम नाना पेठेतला किंवा भोसरीतला कारागीर पोटासाठी आयुष्यभर करतो, तेच हा रविवारी करतो आणि वर श्रमप्रतिष्ठेच्या गोष्टी सांगतो. आक्षेपात तथ्य आहे. ‘घरी’ केलेली जीप कधीच एकट्यानं केलेली नसते. ब्लॉक बोअर करायला मशीन शॉप लागतं, स्प्रिंगच्या पाट्यांना ताव द्यायला लोहार, रेडिएटरची झाळणी करणारा वेगळा, हुड शिवणारा वेगळा, आणि नाना पेठेतल्या दुकानात नुसता बुश हातात घेऊन ‘हा थ्रीबीचा नाही, फाइव्ह फॉर्टीचा आहे’ असं सांगणारा म्हातारा काउंटरवाला तर अनमोल. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी फिरणारी नजरही अशीच कमावलेली असते. गाडीबरोबरच्या फोटोत यांतलं कुणी नसतं. पण या आक्षेपातून हौस सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. या कारागिरांकडे जे ज्ञान आहे ते हातात आणि कानात आहे, कागदावर नाही. त्यांची मुलं बहुधा या धंद्यात उतरलेली नाहीत, आणि औंधच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलालाही दोन जागी वॉल्व्ह असलेलं इंजिन पाहायला मिळायचं कारण नाही. लिहिता येणारा, वेळ असणारा, प्रश्न विचारण्याची हौस असणारा माणूस या गॅरेजमध्ये जातो तेव्हा ऋण फेडायचा एक मार्ग त्याच्या हातात असतो: विचारून लिहून घेणं, आणि नावानिशी लिहिणं. मराठीत ही परंपरा असायला हरकत नव्हती. नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये किर्लोस्कर खबर निघालं आणि त्याचं पुढे घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं. १९४६ मध्ये खडकीला त्याच घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आकुर्डीला टेम्पो झाले, वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली, देशभरच्या गाड्या तपासणारी एआरएआय आहे. इतकी यंत्रं घडवणाऱ्या या शहरात यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या हातचं मराठी लेखन शोधायला गेलं तर मूठभरही भरत नाही. आपण मोटारीवर लिहितो ते मायलेज आणि किंमत यांच्यापुरतं.

राहिला शेवटचा आक्षेप: विजेच्या गाड्या आल्या, आता पॉइंटची फट मोजायचं कसब कुणाच्या कामाचं? कसब म्हणून कदाचित नाहीच. पण ते शिकताना एक अपेक्षा तयार होते, की विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा मला हक्क आहे. आज रांजणगावला बनणाऱ्या कंपासवरही जीप हेच नाव आहे. तिच्यातला एखादा सेन्सर रुसला तर मालकाला कळतो तो फक्त पिवळा दिवा. बाकीचं कंपनीच्या संगणकाला कळतं. हे अपरिहार्य आहे असं समजायचं कारण नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू झालं, आणि त्यात मोटारींचाही समावेश आहे. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावीत, ही त्यामागची मागणी. ती मागणी कायद्यात उतरायची तर ती करणारे ग्राहक लागतील, आणि ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं कार्बोरेटर उघडून, धुऊन, पुन्हा बसवून गाडी चालू केली आहे तो बंद डब्यावर सहजी समाधान मानत नाही. टीएम ९-८०३ सारखं पुस्तक प्रत्येक विजेच्या गाडीबरोबर का मिळू नये, हा प्रश्न जुन्या जीपवाल्यानं विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

तेव्हा ज्यांच्या दारात अशी जीप उघडी पडली आहे त्यांना एक विनंती. रंगाचा डबा आणण्याआधी दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर चेसिस आणि इंजिनचे नंबर, आरसीवरच्या आधीच्या मालकांची नावं आणि आज गाडी जशी आहे तसं तिचं वर्णन लिहा. इंजिन बदललेलं असेल तर ते न लाजता लिहा. पुढे प्रत्येक भागासमोर तीनच गोष्टी: तो निघाला तेव्हा कसा होता, त्याचं काय केलं, आणि कुणी केलं. ‘कुणी’च्या रकान्यात ‘बाहेरून करून घेतलं’ असं लिहू नका. बोअर करणाऱ्याला विचारून त्याचं आणि त्याच्या दुकानाचं नाव घाला. वही मराठीत लिहा, तेलकट हातांनी लिहिली तरी चालेल, आणि गाडी विकाल तेव्हा आरसी बुकाबरोबर तीही द्या.